कोणी मारत नाही, जंगलही राखीव आहे, मग हा बेडूक धोक्यात कसा?

केरळात मुन्नारच्या वर अनामुडी नावाचं शिखर आहे, 2695 मीटर, अख्ख्या पश्चिम घाटातलं सगळ्यात उंच. त्याच्या माथ्याजवळच्या गवतात एक बेडूक राहतो. रंग एकदम भडक, नारिंगी-लाल, अंगावर ठिकठिकाणी फुगीर ग्रंथी, आणि पाय इतके आखूड की उड्या मारण्यापेक्षा गवताच्या बुडाशी चालत सरकण्यासाठीच बनलेत असं वाटावं. आकार साधारण दोन-अडीच सेंटीमीटर. शास्त्रीय नाव राओर्केस्टेस रेस्प्लेंडेन्स. गंमत म्हणजे हा ज्या कुळातला आहे त्यातले बरेचसे बेडूक झाडाझुडपांवर राहणारे, आणि हा मात्र जमिनीवरचा.

2010 मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात याचं वर्णन पहिल्यांदा छापून आलं. बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू यांच्यासोबत त्या टीममध्ये पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या संशोधन संस्थेतले योगेश शौचे होते, शिवाय एस. के. दत्ता आणि दोन परदेशी अभ्यासक, अलेन द्युबुआ आणि फ्रँकी बोसाइट. म्हणजे 2010 पर्यंत जगाला हा बेडूक माहितीच नव्हता, आणि माहिती झाला तो थेट रेड लिस्टमधल्या, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक यादीतल्या, धोक्याच्या सगळ्यात गंभीर कॅटेगरीत जाऊन बसला, अतिसंकटग्रस्त. त्याच्या पुढची पायरी म्हणजे जंगलातून नामशेष.

आता आपल्याकडे नाशिकला कोणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, की अरे पण त्याला मारतंय कोण? आणि प्रश्न अगदी रास्त आहे. या बेडकाची शिकार होत नाही, त्याला कोणी खात नाही, विकत नाही. राहतो कुठे तर एरविकुलम नॅशनल पार्कमध्ये, जे 1975 ला अभयारण्य झालं आणि 1978 ला राष्ट्रीय उद्यान. पर्यटकांना ठरलेल्या पट्ट्यातच सोडतात आणि नीलगिरी ताहर या डोंगरी बकऱ्यांच्या विणीच्या काळात तेही बंद असतं. एवढा बंदोबस्त असताना अतिसंकटग्रस्त कसा काय? हे नीट समजून घ्यायचं तर आधी ही कॅटेगरी ठरते कशी ते बघावं लागेल, कारण बहुतेकांना वाटतं की कोणीतरी बेडूक मोजतं, आकडा कमी आला की लाल शिक्का मारतं. तसं नाहीये.

रेड लिस्ट काढते आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संस्था, 1964 पासून. कमी चिंता, संकटसमीप, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, जंगलातून नामशेष आणि नामशेष अशी चढती उतरंड आहे, आणि बाजूला एक अपुरी माहिती नावाचा कप्पा. असुरक्षित, संकटग्रस्त किंवा अतिसंकटग्रस्त ठरायचे एकूण पाच रस्ते आहेत आणि त्यातल्या एका जरी रस्त्यात प्राणी बसला तरी पुरतं. एक रस्ता संख्या किती झपाट्याने घटली त्याचा, म्हणजे दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, 80 टक्के घट झाली वगैरे. दोन रस्ते प्रौढ प्राण्यांच्या संख्येचे, उदाहरणार्थ पन्नासपेक्षा कमी उरलेत. एक रस्ता गणिती अंदाजाचा, की दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत नामशेष व्हायची शक्यता निम्मी तरी आहे का. आणि एक रस्ता जागेचा. डोंगरमाथ्यावरच्या बेडकांसाठी बहुतेक वेळा हा जागेचा रस्ताच लागू पडतो, कारण दोन सेंटीमीटरचा बेडूक धुक्यात, पावसात, गुडघाभर गवतात मोजणार कसा? वाघाला पट्टे असतात, कॅमेरा लावता येतो, इथे तसलं काही नाही.

जागेचा नियम असा आहे. एखाद्या जातीचा एकूण पसारा, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या नोंदींभोवती रेषा मारली तर आत येणारा भाग, 100 चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल, किंवा ती प्रत्यक्षात राहते तो भाग 10 चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर अतिसंकटग्रस्तचं दार उघडतं. नाशिक महापालिकेची हद्द अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या शहराच्या अर्ध्या भागापेक्षाही कमी जागा. आणि अनामुडीच्या या बेडकाची सुरुवातीला माहिती असलेली जागा किती होती, तर तीन चौरस किलोमीटरपेक्षा कमी. आपल्याकडच्या साध्या गावाचं शिवार याहून मोठं असतं.

पण नुसती जागा लहान असून भागत नाही हं, हे लोक विसरतात. निसर्गात लहान जागेतच राहणाऱ्या जाती कितीतरी असतात, हजारो वर्षं सुखाने राहतात. म्हणून अजून तीन अटी आहेत आणि त्यातल्या किमान दोन लागू व्हायला पाहिजेत. एक म्हणजे ती जात एकाच ठिकाणी उरलेली असावी किंवा तिचे फार तुकडे झालेले असावेत. दुसरी म्हणजे घसरण चालू असावी, आणि ही घसरण संख्येचीच पाहिजे असं नाही, राहायच्या जागेचा दर्जा बिघडत चाललाय हेसुद्धा धरतात. तिसरी म्हणजे संख्येत किंवा पसाऱ्यात प्रचंड चढउतार.

यातलं ‘एक ठिकाण’ हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्याचा हिशोब नकाशावरच्या ठिपक्यांनी होत नाही, तो धोक्यावरून होतो. एकच संकट आलं आणि तिथले सगळेच्या सगळे एका फटक्यात सापडू शकत असतील तर ते एक ठिकाण. बेडूक माथ्याच्या पूर्वेला असोत की पश्चिमेला, मधे नाला असो की कडा, पण एकाच कोरड्या वर्षाने, एकाच वणव्याने किंवा एकाच रोगाने सगळे जाऊ शकत असतील तर ठिकाण एकच. एवढं समजलं की ‘कोणी मारत नाही’ हा मुद्दा किती अपुरा आहे ते दिसायला लागतं. इथे शिकारी शोधून सापडणार नाही. भारताने 1987 मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली तेव्हा धोका डोळ्याला दिसणारा होता, शेतातले बेडूक पोती भरभरून बाहेर जात होते आणि एका आदेशाने ते थांबवता आलं. अनामुडीच्या माथ्यावर कोणता आदेश काढणार?

आता उंचीचं बघू, कारण खरा पेच तिथे आहे.

साधारण हिशोब असा की हजार मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. याचंच उलटं करून बघा. हवामान एका अंशाने तापलं तर जी थंडी आज एका उंचीवर मिळते ती मिळवायला उद्या साधारण दीडशे मीटर वर जावं लागेल. खालच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या प्राण्याला हे निदान कागदावर तरी शक्य आहे, वर सरकायला डोंगर शिल्लक असतो. माथ्यावरच्याला नसतो. आपल्या गोदाघाटावर पूर यायला लागला की टपरीवाले एकेक पायरी वर सरकतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की अजून वर, पण जो आधीच शेवटच्या पायरीवर आहे त्याने सामान उचलून जायचं कुठे? आणि डोंगर वर निमुळता होत जातो, म्हणजे वर सरकता आलं तरी प्रत्येक टप्प्याला जागा कमीकमीच मिळत जाते. बरं, शेजारचं उंच शिखर दिसतं समोर, पण तिथे जायचं तर मधली गरम दरी ओलांडायला पाहिजे. आखूड पायाचा दोन-अडीच सेंटीमीटरचा बेडूक ते कसं करणार, सांगा. डोंगरमाथे म्हणजे बेटंच असतात, फक्त समुद्राऐवजी खाली गरम हवा असते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि इथे या बेडकाची जगण्याची पद्धतच वेगळी आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. आपल्या गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा इगतपुरीकडे भातखाचरांत पहिल्या मोठ्या पावसानंतर जे पिवळेधमक बेडूक ओरडतात ना, ते मोठे नर, त्यांचा सगळा कारभार पाण्यात. मादी साचलेल्या पाण्यात अंडी घालते, बेडूकमासे निघतात, ते डबक्यात वाढतात, पाय फुटतात, शेपटी जाते. शाळेत चित्र काढलंय सगळ्यांनी. अनामुडीचा बेडूक आणि त्याचे जातभाई असं करत नाहीत. तो बुटक्या बांबूच्या बेटाच्या बुडाशी, दमट जागेत अंडी घालतो आणि बेडूकमाशाची सगळी अवस्था अंड्याच्या आतच उरकते, बाहेर येतो तो थेट इवलासा बेडूक. उतारावर, जिथे पाणी थांबतच नाही, तिथे राहायचं म्हणजे ही पद्धत अप्रतिम आहे, डबकं नको, ओढा नको. पण त्या बदल्यात एक गोष्ट मात्र हवीच, अंडी असतील तितके दिवस तिथला ओलावा टिकला पाहिजे. बेडकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखं कवच नसतं, त्यात मोठ्या बेडकाची कातडीही ओली राहावी लागते कारण तो कातडीतून पण श्वास घेतो. मग धुकं उशिरा आलं, पावसात आठ-दहा दिवसांचा खंड पडला, किंवा बांबूची बेटं जळाली, तर खाली राहणाऱ्या बेडकापेक्षा याला फटका लवकर बसतो. राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर गाड्या अडवता येतात, धुक्याला आणता येत नाही.

तरी कोणी म्हणू नये की मग राष्ट्रीय उद्यान बिनकामाचं. अजिबात नाही. मुन्नारचे डोंगर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चहाच्या मळ्यांखाली गेले, पुढे वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) आणि निलगिरीच्या झाडांची लागवड झाली, आणि वरचं मूळचं गवताळ रान आणि त्याच्या घळींमधली शोला नावाची बुटकी सदाहरित जंगलं बऱ्याच ठिकाणी गायब झाली. एरविकुलम साधारण 97 चौरस किलोमीटर आहे आणि ते मुख्यतः ताहरसाठी वाचलं. तो बकरा वाचवताना त्याच गवतात एक अनोळखी बेडूक पण वाचला, जो कोणाला माहितीच नव्हता. मला हे फार मोलाचं वाटतं, की जागा धरून ठेवली की आपल्याला माहिती नसलेलंही वाचतं. फक्त आता नुसती जागा धरून पुरणार नाही एवढंच.

आणि हे एका बेडकाचं दुखणं नाही. 2023 मध्ये नेचर या शास्त्रीय नियतकालिकात जगभरातल्या उभयचरांचा दुसरा मोठा आढावा आला, 8011 जातींचा. त्यात जवळपास 41 टक्के जाती धोक्यात निघाल्या, पक्षी किंवा सस्तन प्राण्यांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त. त्यात मला सगळ्यात बोचलेली गोष्ट म्हणजे 2004 नंतर ज्या जातींची परिस्थिती खरोखर बिघडली, त्यातल्या 39 टक्क्यांच्या बाबतीत मुख्य कारण हवामान बदल हे आहे. आधी बुरशीचा रोग आणि जंगलतोड हीच नावं पुढे असायची. त्या बुरशीचं, कायट्रिडचं, 2019 चं एक मोठं संशोधन आहे, त्यात जगातल्या किमान 501 जातींची घट आणि त्यातल्या 90 जाती बहुधा संपल्या असा हिशोब मांडलाय, मुख्यतः मध्य-दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात. पश्चिम घाटातल्या बेडकांवर पण ही बुरशी सापडलेली आहे, तिकडच्यासारखी सामूहिक मरतुक इथे दिसली नाही ही नशिबाची गोष्ट, पण एकाच माथ्यावर राहणाऱ्या जातीच्या बाबतीत नशिबावर विसंबून राहायचं म्हणजे अवघडच.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पाहिजे असेल तर आंबोलीचा भेक आहे, झँथोफ्रिन टायग्रिना, अंगावर वाघासारखे पिवळे-काळे पट्टे. 2009 मध्ये याचं वर्णन झालं, त्या टीममध्ये आपले उभयचरांचे अभ्यासक वरद गिरी होते, आणि हासुद्धा रेड लिस्टवर अतिसंकटग्रस्त म्हणूनच नोंदला गेला. याचा भाऊबंद कोयनेचा भेक, तो 1963 पासून माहिती आहे. आंबोली काही फार उंच नाही, सातशे मीटरच्या आसपास, पण तिथले जांभ्या दगडाचे सडे ही पण एक प्रकारची बेटंच. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या सड्यावर जे उथळ पाणी साचतं त्यात याचं सगळं प्रजनन उरकतं. म्हणजे वर्षातले मोजके दिवस, आणि नेमके तेच दिवस पावसाळी पर्यटनाचे. घाटरस्त्यावर रात्री गाड्या, सड्यावर पार्किंग, पाण्यात पाय. अनामुडीवर जे लांबून, हवेतून येतंय ते इथे चाकांवर बसून येतं. दोघांची कॅटेगरी एक असली तरी उपाय वेगळे आहेत, आणि आंबोलीचे उपाय त्या मानाने कितीतरी सोपे आहेत म्हणून ते न होणं जास्त टोचतं.

आता नाशिककरांना वाटेल की आपला काय संबंध. आपल्याकडे 2000 मीटरचा डोंगर नाही हे खरं, जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला साल्हेर 1567 मीटर आणि हद्दीवरचं कळसूबाई 1646. पण माथ्यावर अडकलेला जीव म्हणजे काय हे बघायला मुन्नारला जायची गरज नाही. त्र्यंबक रोडवरच्या आपल्या अंजनेरीवर एक कंदीलपुष्प फुलतं, सेरोपेजिया अंजनेरिका, 2006 मध्ये शास्त्राला नवीन म्हणून नोंदलेलं, डोंगराचंच नाव मिळालेलं. त्याची परिस्थिती बेडकासारखीच, बिचाऱ्याला तर सरकायला पायही नाहीत. अंजनेरीला आता संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. पण 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या 39 जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या त्यात एरविकुलम आहे, महाराष्ट्रातले कास, कोयना, चांदोली, राधानगरी आहेत, नाशिक जिल्ह्यातलं काहीच नाही. मला याचं वाईट वाटतं कारण यामुळे आपल्याच लोकांना वाटतं की आपल्या डोंगरांवर काही विशेष नाही, नुसतं गवत. आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच गवताला काडी लावली जाते, वणवा रात्रभर डोंगर चढत जातो आणि खालून लोक बघत बसतात. ते गवत, त्याच्या बुडाशी दगडाखाली पावसाची वाट बघत पडलेले बेडूक, त्यातले किती कोणत्या जातीचे, याची कुठे नोंद तरी होते का?

इथे तो बाजूचा कप्पा, अपुरी माहिती, फार महत्त्वाचा आहे. लोक तो वाचून निर्धास्त होतात की चला, धोक्यात नाही. त्याचा अर्थ फक्त इतकाच की ठरवण्याइतकं आपल्याला माहिती नाही. एखादी जात या कप्प्यात असतानाच संपूही शकते.

अजून एक गोंधळ असतो तो कॅटेगरी बदलण्याचा. अनामुडीच्या बेडकाच्याच बाबतीत नंतरच्या पाहणीत तो अनामुडीच्या बाहेर, त्याच डोंगररांगेत अजून एका उंच जागी मिळाला. चांगली बातमी आहे, खरंच चांगली. अशा नोंदींनी पसारा वाढतो, ठिकाणं एकाची दोन होतात, आणि फेरआढाव्यात कॅटेगरी एक पायरी खालीही येऊ शकते. पण त्यामुळे अनामुडीच्या माथ्यावरच्या बेडकाचं आयुष्य काही सोपं झालेलं नसतं, तो होता तिथेच आहे, आपलं ज्ञान वाढलं इतकंच. आययूसीएन स्वतः हे दोन बदल वेगळे धरते, माहितीमुळे झालेला बदल आणि खरोखरचा बदल. पेपरात ‘अमुक प्राण्याचा धोका टळला’ अशी हेडलाइन दिसली की आधी यातला कोणता ते बघायचं.

आणि खरा बदल कळायला जे लागतं ते म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागेच्या नोंदी. बेडकांच्या बाबतीत हे ऐकून करता येतं, कारण नर ओरडतात आणि प्रत्येक जातीचा आवाज वेगळा. ठरलेल्या जागी रेकॉर्डर लावून ठेवायचा, दरवर्षी कधी ओरडायला लागले, किती रात्री ओरडले, कोणत्या उंचीवर ऐकू आले हे बघायचं. दहा-पंधरा वर्षांत आवाज पन्नास मीटर वर सरकलेला दिसला तर त्याला कोणी अंदाज म्हणू शकणार नाही.

हे नाशिकमध्येही करता येतं, आणि मनापासून सांगतो, करायला पाहिजे. पावसाळ्यात अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, पहिने अशा ठिकाणी आपण इतके लोक जातो, रील्स काढतो, त्यातच दिसलेल्या बेडकाचा एक फोटो आणि ओरडण्याचा तीस सेकंदांचा ऑडिओ घ्यायचा आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचा, तारीख आणि उंचीसकट. बेडूक हातात घ्यायचा नाही, हाताला लागलेलं क्रीम, सॅनिटायझर त्याच्या कातडीतून आत जातं. दगड उलटे करून बघायचे नाहीत. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाताना बुटांचा चिखल धुवून बूट वाळवायचे, ती बुरशी ओल्या चिखलातूनही प्रवास करते. आणि काही दुर्मीळ वाटलं तर जागा सोशल मीडियावर टॅग करायची नाही, आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं, इन्स्टाग्रामवर नाही.